बँड सापडतो आणि ते दोघं निघून जातात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय: रविवारच्या पुरवणीतल्या सिनेमाच्या लेखातली एक चूक (आणि त्यावरून सुचलेलं थोडं जास्तीचं)

आधीच सांगते, मी पेपरला पत्रं लिहिणारी बाई नाही, आमच्या घरात ते काम सासरे करायचे, पाणीपट्टीवर आणि एसटीच्या फेऱ्यांवर, आणि त्यांची छापूनही यायची. पण गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत गाण्यावरून प्रेमात पडणाऱ्या तरुण पोरापोरींच्या इंग्रजी सिनेमांवर जो लेख आलाय त्यात 'निक अँड नोराज इन्फिनिट प्लेलिस्ट'बद्दल चारच ओळी आहेत आणि त्यातली शेवटची चुकीची आहे. लेखक म्हणतात, रात्रभर शोधलेला लाडका बँड शेवटी सापडतो आणि त्याच्या तालावर नाचता नाचता दोघं प्रेमाची कबुली देतात. अहो, असं काहीच होत नाही! बँड सापडतो हे खरं, पण तो वाजवायला लागतोय न लागतोय तोच हे दोघं हळूच मागच्या मागे सटकतात. ज्या बँडसाठी रात्रभर अख्खं न्यूयॉर्क पालथं घातलं त्याचा शो न बघताच. कुणाला वाटेल त्यात काय एवढं, शेवट इकडचा तिकडे झाला, पण मला विचाराल तर हा सिनेमा त्या शेवटासाठीच आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. २००८ चा सिनेमा, दीड तासाचा, दिग्दर्शक पीटर सोलेट. निक (मायकल सेरा) एका छोट्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, बँडमधली बाकीची पोरं गे आहेत, हा एकटाच तसा नाही, आणि बँडचं नाव कुटुंबातल्या सगळ्यांनी वाचायच्या पेपरात छापण्यासारखं नाही म्हणून सोडून देते. निकला ट्रिस नावाच्या पोरीने सोडलंय तरी हा तिच्यासाठी गाण्यांच्या सीडी बनवतोच आहे, एकामागून एक, कव्हरवर स्वतः चित्रं काढून, ब्रेकअपनंतरच्या सीडीचा बारावा भाग चालू आहे म्हणजे बघा. ट्रिस त्या सीडी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकते आणि तिच्याच शाळेतली नोरा (कॅट डेनिंग्ज) त्या उचलून ऐकते. म्हणजे नोरा त्या पोराला भेटायच्या आधीच त्याच्या निवडीच्या प्रेमात पडलेली आहे, तो दिसतो कसा हे तिला माहीत नाही, त्याला तर ती जगात आहे हेच माहीत नाही. मग एका रात्री क्लबमध्ये ट्रिसचे टोमणे चुकवायला नोरा शेजारच्या अनोळखी पोराला म्हणते, पाच मिनिटं माझा बॉयफ्रेंड होशील का, आणि तो नेमका हाच निघतो. तिथून पुढे एक खटारा पिवळी युगो गाडी, जिला लोक टॅक्सी समजून आत येऊन बसतात, दारू पिऊन हरवलेली एक मैत्रीण, आणि कुठे वाजवणार ते आधी न सांगणारा एक बँड, ज्याच्या खाणाखुणा म्हणून सशाची चित्रं शोधत फिरायचं. बस, एवढीच गोष्ट.

तुमच्या लेखकांना हे सगळं 'कथानक नसलेली भटकंती' वाटलं. त्यांचं वय मला माहीत नाही पण त्यांना कुणी कधी कॅसेट भरून दिलेली दिसत नाही.

आता जरा माझं सांगते, कारण त्याशिवाय मी एवढी का चिडले ते कळणार नाही. १९९७ साली मी कोल्हापूरला हॉस्टेलवर होते. माझी रूममेट कराडकडची, दिसायला छान, आणि तिच्या गावचा एक मुलगा तिला दर महिन्या दोन महिन्यांनी कॅसेट भरून पाठवायचा. नव्या पिढीला सांगायला पाहिजे, तेव्हा दुकानात कोरी कॅसेट विकत घेऊन गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची, दुकानदार आठ दिवसांनी भरून ठेवायचा, साठची घेतली तर एका बाजूला अर्धा तास, म्हणजे सहा सात गाणी, आणि कुठलं आधी कुठलं नंतर यावर त्या पोराने किती डोकं लावलेलं असायचं ते ऐकताना कळायचं. एका बाजूला सगळी आशाबाई, दुसरीकडे हरिहरनची गझल आणि तिच्या पाठोपाठ एकदम लकी अली, जो तेव्हा नुकताच आला होता. कव्हरच्या आतल्या कागदावर निळ्या पेनाने गाण्यांची नावं, इंग्रजीत, स्पेलिंगच्या चुकांसकट. रूममेट एकदा ऐकायची, म्हणायची 'येडं आहे ते', आणि कॅसेट ड्रॉवरमध्ये. आणि मी तिच्या पश्चात, म्हणजे ती मेसला गेली की, माझ्या वॉकमनमध्ये घालून ऐकायचे. चोरीच ती, दुसरं काय.

त्यातल्या एका कॅसेटचं शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात खट्‌कन तुटायचं, टेप संपलेली असायची. दुकानदाराने मिनिटं नीट मोजली नव्हती. ते गाणं माझ्यासाठी तिथेच संपतं. पुढे कितीतरी वर्षांनी यूट्यूबवर पूर्ण ऐकलं तर तिसरं कडवं मला परकं वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या गाण्यातून आणून चिकटवल्यासारखं, आणि मी बंद केलं. तो मुलगा मला कधी भेटला नाही, दिसला पण नाही, आणि खरं सांगू का, बरंच झालं, भेटला असता तर तो लकी अलीएवढा इंटरेस्टिंग निघाला नसता. (नवरा हे वाचणार आहे. त्याला ही गोष्ट माहीत आहे, तो म्हणतो त्या पोराचे पैसे वाया गेले नाहीत एवढंच.)

म्हणून कचऱ्यातली सीडी उचलणारी नोरा पडद्यावर बघितली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मी तो सिनेमा तिकडेच बघितला, लागला त्याच आठवड्यात. ३ ऑक्टोबर २००८ ला तो अमेरिकेत रिलीज झाला, आम्ही तेव्हा जर्सी सिटीत राहायचो, नवरा मॅनहॅटनमधल्या एका बँकेच्या आयटीच्या कामावर, मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या मागे येणाऱ्या बायकोचा व्हिसा, त्यावर तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली होती आणि आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात एकच विषय, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कोण बॅगा भरतंय, कुणी गाडी विकायला काढली. तसल्या दिवसांत आम्ही शुक्रवारी संध्याकाळी उठून सिनेमाला गेलो, आजही सांगता येणार नाही का गेलो, घरात बसवत नव्हतं एवढंच. नवऱ्याला सिनेमा ठीक ठीक वाटला. मी मात्र नंतर एकटीने परत बघून आले.

आणखी एक गंमत म्हणजे निक आणि नोरा दोघंही न्यूयॉर्कचे नाहीतच, न्यू जर्सीचे आहेत, निक तर होबोकेनचा, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. नदीपलीकडची पोरं, रात्री मजा करायला मॅनहॅटनला यायचं आणि पहाटे परत. आपल्याकडे डोंबिवली कल्याणच्या पोरांना हे बरोबर कळेल, शेवटच्या लोकलचा हिशोब डोक्यात ठेवून केलेली मजा, फक्त तिकडची पाथ ट्रेन रात्रभर चालू असते, त्यामुळे तो हिशोब नाही. सिनेमा बघितल्यावर मला वेडच लागलं, दुपारी नवरा कामावर गेला की १ डॉलर ७५ सेंटचं तिकीट काढायचं आणि नाइन्थ स्ट्रीटला उतरून त्या जागा शोधत फिरायचं. आर्लीन्स ग्रोसरी, जिथे निकचा बँड वाजवतो, तिथे आधी खरंच वाण्याचं दुकान होतं, क्लब झाला तरी नाव तेच ठेवलं. दुपारी शटर बंद, बाहेर पोस्टरांचे थर. सेकंड अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर वेसेल्का आहे, युक्रेनी लोकांनी १९५४ साली काढलेलं हॉटेल, ते पण सिनेमात दिसतं. तिथे मी पिएरोगी खाल्ले, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेला कानवला समजा, वर परतलेला कांदा. एकटी बसून खात होते, नोकरी नाही, मूल नाही, नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत. तरीही ते दिवस आठवले की मला वाईट वाटत नाही.

आणि एट्थ स्ट्रीटवर ५२ नंबरला इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ. जिमी हेंड्रिक्स या प्रसिद्ध गिटारवाल्याने १९६८ मध्ये तिथला एक नाइट क्लब विकत घेतला आणि क्लब चालवायच्या ऐवजी त्याचा स्टुडिओ करून घेतला, ऑगस्ट १९७० मध्ये तो सुरू झाला आणि १८ सप्टेंबरला हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला, म्हणजे स्वतःच्या हौसेने बांधलेल्या स्टुडिओत त्याला जेमतेम काही आठवडे मिळाले. गायिका पॅटी स्मिथने १९७५ मध्ये तिचा पहिला अल्बम तिथेच केला. बाहेरून बघाल तर काही कळतच नाही, नुसतं दार, मी दोनदा पुढे निघून गेले. तर नोराचा बाप या धंद्यातला मोठा माणूस, त्यामुळे ती निकला रात्री तिथे घेऊन जाते आणि त्या दोघांमध्ये जे काय व्हायचं ते तिथे होतं, पण कॅमेरा त्यांच्यावर रेंगाळतच नाही, तो बघत बसतो आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरकडे. प्रेमाचा सीन आणि आपण बघतोय हलणाऱ्या रेषा. यापेक्षा सभ्य आणि यापेक्षा धीट असं एकाच वेळी मी तरी दुसरं काही बघितलेलं नाही. आपल्याकडे दोन फुलं एकमेकांवर आदळायची ते आठवलं, पण त्यात चोरटेपणा असायचा.

अजून एक गोष्ट लेखात यायला हवी होती. आपल्या सिनेमात गाण्यावरून प्रेम जमतं म्हणजे हिरो गातो आणि हिरोईन ऐकते किंवा दोघं गातात. इथे निक तिच्यासाठी एक ओळसुद्धा गात नाही! तो बेस वाजवतो, म्हणजे बँडमधला असा माणूस ज्याच्याकडे कुणी बघत नाही पण तो थांबला तर सगळ्यांना कळतं काहीतरी गेलं. त्याची कला म्हणजे दुसऱ्यांची गाणी निवडून एका ओळीत लावणं, आणि तिची कला म्हणजे ते ऐकणं. निकचा एक मित्र त्याला गाडीत समजावतो की बाकीचे बँड शरीराबद्दल नाहीतर दुःखाबद्दल गातात, पण बीटल्सना कळलं होतं की माणसाला शेवटी फक्त हात धरायचा असतो. ज्या मुलांचं स्वतःचं प्रेम अजून चारचौघांत सहज चालत नाही ती मुलं या बावळटाला हात धरायला शिकवतात, आणि सिनेमा त्याचा गवगवा करत नाही, हे मला फार आवडलं.

मूळ कादंबरी २००६ ची, रेचल कोन आणि डेव्हिड लेव्हिथन या दोघांनी लिहिलेली, एक प्रकरण निकच्या तोंडून ते त्याने लिहायचं, पुढचं नोराच्या तोंडून ते तिने लिहायचं आणि परत त्याच्याकडे पाठवायचं. म्हणजे पुस्तकच मुळात कॅसेटींची देवाणघेवाण असल्यासारखं झालंय.

आता 'इंडी' या शब्दाबद्दल, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पैशाशिवाय स्वतंत्रपणे केलेला सिनेमा. लेखात जिथे तिथे इंडी इंडी केलंय, गिटार आणि चेक्सचा शर्ट दिसला की इंडी. हा सिनेमा साधारण १ कोटी डॉलरमध्ये झाला आणि कोलंबिया पिक्चर्सने तो वितरित केला, म्हणजे पाठीशी बलाढ्य स्टुडिओ. त्याची चाल इंडी आहे, गाणी तसल्या छोट्या बँडची आहेत, दिग्दर्शकाचा आधीचा सिनेमा नवख्या पोरांना घेऊन मॅनहॅटनमधल्याच लोअर ईस्ट साइड भागात केलेला होता, ते सगळं मान्य, पण खिसा इंडी नाही. खिसा कुठला इंडी तर डब्लिनच्या 'वन्स'चा, जो त्याच लेखात आहे आणि ज्याच्याबद्दल बरोबर लिहिलंय. १७ दिवसांत शूटिंग, १ लाख १२ हजार युरो, रस्त्यावरच्या सीनला कॅमेरा लांब ठेवून लांब लेन्सने घेतलेलं म्हणजे जाणायेणाऱ्याला कळायचंच नाही की इथे सिनेमा चाललाय. त्यातली ती झेक मुलगी बंद पडलेला व्हॅक्यूम क्लीनर दोरीने ओढलेल्या कुत्र्यासारखा रस्त्याने घेऊन फिरते, कारण त्यातल्या गिटारवाल्या हिरोचा दिवसाचा धंदा तेच दुरुस्त करायचा. आणि तो तिला विचारतो, नवऱ्यावर प्रेम आहे का हे तुमच्या भाषेत कसं विचारतात, आणि मग तसंच विचारतो, आणि ती उत्तर देते झेकमध्ये, ज्याचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', पण खाली सबटायटल देत नाहीत! त्याला पण कळत नाही आणि आपल्याला पण नाही. त्यातल्या गाण्याला २००८ मध्ये ऑस्कर मिळालं. एकाच वर्षात मी हे दोन सिनेमे बघितले, आणि 'वन्स' निःसंशय मोठा सिनेमा आहे, त्याबद्दल भांडण नाही. पण 'वन्स' बघून मी गप्प झाले, आणि निक आणि नोरा बघून मला घराबाहेर पडावंसं वाटलं, तेव्हा मला त्याची जास्त गरज होती.

दोष नाहीत असं नाही हं. ट्रिस म्हणजे नुसती चेटकीण करून टाकलीय, तिला पण काहीतरी ऐकावंसं वाटत असेलच ना, माझी रूममेट काही वाईट मुलगी नव्हती, तिला तो मुलगा आवडत नव्हता एवढंच, आणि न आवडणाऱ्याने भरून पाठवलेल्या कॅसेटींचं ओझं काय असतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. दारू प्यायलेल्या मैत्रिणीचा च्युइंगमचा जो जोक आहे तो इथे लिहिणार नाही, सकाळी चहाबरोबर पेपर वाचणारे लोक असतात. आणि नोराच्या बापाच्या नावावर सगळी दारं उघडतात, ते जरा फारच सोयीचं आहे. पण एका ठिकाणी नोरा ज्यू धर्मातली एक कल्पना सांगते की जगाचे तुकडे झालेत आणि ते शोधून परत जोडणं हे प्रत्येकाचं काम आहे, त्यावर निक म्हणतो की कदाचित आपणच ते तुकडे असू. दुसऱ्या कुणाच्या तोंडी हे वाक्य असतं तर मी कपाळावर हात मारला असता. मायकल सेरा ते असं काही पुटपुटतो की चालून जातं.

तर मुद्दा शेवटाचा. बँड सापडतो, हे दोघं तिथून निघतात, पहाटेच्या पेन स्टेशनवर जाऊन पोचतात आणि सरकत्या जिन्यावर ती त्याला विचारते की शो चुकला त्याचं वाईट वाटतंय का, आणि तो म्हणतो चुकला कुठे, हाच तर आहे. गाण्याच्या मागे मागे धावत दोघं एकमेकांपाशी आले, आणि आता ते गाणं ऐकलं नाही तरी चालेल. तुमच्या लेखातल्यासारखे ते बँडसमोर नाचले असते तर तो कुठलाही सिनेमा झाला असता. आणि लेखाच्या शेवटी जे लिहिलंय की हल्लीच्या मुलांना ऐकण्यात गोडी नाही, सगळं मोबाईलवर फुकट मिळतं, ते कृपा करून लिहू नका, आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याची आणि एका मुलीची मिळून एक प्लेलिस्ट आहे, नाव नुसतं एक टिंब. मी विचारलं हे काय, तर म्हणाला काही नाही, आणि कानापर्यंत लाल. त्याच्याबरोबर मी हा सिनेमा मागच्या महिन्यात परत बघितला. शेवटी तो जाम वैतागला, अगं पण तो बँड नीट ऐकवलाच नाही! मग रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात येऊन विचारतो, आई, तिने सीडी कचऱ्यातून काढल्या, पण त्याला हे कळल्यावर आधी राग आला असेल का गं बरं वाटलं असेल? मला उत्तर देता आलं नाही, मी दूध बघत होते.

तरी पुढच्या रविवारी चौकटीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी ही विनंती. लेखकांनी शेवटची दहा मिनिटं परत बघितली तर उत्तम, सिनेमा फार मोठा नाही.

आपली,
एक वाचक,
सांगली

ता. क. माझी ती हॉस्टेलची रूममेट आता पुण्याला असते आणि तुमचाच पेपर घेते असं ऐकलंय. तिने हे वाचलं तर सांगावंसं वाटतं की ती तुटक्या गाण्याची कॅसेट माझ्याकडेच राहिलीये, हवी असेल तर पाठवते, पण आमच्या टेपचा बेल्ट गेलाय, त्यामुळे अजून वाजते की नाही ते तुलाच लावून बघावं लागेल.